"सगळ्या क्रूझ बोटी सारख्याच" म्हणणाऱ्यांसाठी: क्लास म्हणजे जाहिरात नव्हे

धक्क्यावरचा
काल इथे एकाने लिहिलं की ओएसिस क्लास, व्हिस्टा क्लास वगैरे सगळे जाहिरातीचे चोचले आहेत, आतून सगळ्या बोटी सारख्याच, दरवेळी दोन मजले चढवायचे आणि नवीन नाव चिकटवायचं. आणि खाली धडाधड अंगठे. वाचून डोकं तापलं म्हणून हा वेगळा धागा काढतोय, लांबलंय, पण पूर्ण वाचा.

क्लास म्हणजे घराणं. एक आराखडा पक्का झाला की त्याच सांगाड्यावर बोटी बांधणारं यार्ड दोन, चार, आठ बोटी काढतं. कार्निव्हल कंपनीची फॅन्टसी बोट १९९० ची, हेलसिंकीत बांधलेली, आणि १९९८ पर्यंत त्याच आराखड्यावर आठ बोटी निघाल्या. पहिल्या बोटीत जे चुकलं ते दुसरीत सुधारतात आणि नकाशे परत काढायला लागत नाहीत म्हणून खर्चही उतरतो, यात जाहिरातवाल्यांचा संबंध येतोच कुठे?

आता "दोन मजले चढवले" बद्दल. रॉयल कॅरिबियन कंपनीची सॉव्हरिन १९८८ ची, ७३ हजार ग्रॉस टन, त्या वेळी लोक तोंडात बोट घालून बघायचे. १९९९ ला व्हॉयेजर आली ती १ लाख ३७ हजार. पण आकडा सोडा, आत काय बदललं ते बघा. बोटीच्या पोटातून चार मजले उंच रस्ताच काढला, दोन्ही बाजूंनी दुकानं, आणि वरच्या आतल्या केबिनींना त्या रस्त्यावर उघडणाऱ्या खिडक्या. ही कल्पना हेलसिंकी-स्टॉकहोम फेरीवरच्या सिल्या सेरेनेडवर १९९० मध्येच आली होती, आणि तीही व्हॉयेजरसारखीच फिनलंडच्या तुर्कूच्या यार्डात बांधलेली. मग २००९ ला ओएसिस आली तेव्हा त्या रस्त्याच्या वरचा भागच आकाशाला उघडा केला. बोट मधोमध उभी चिरली, दोन्हीकडे केबिनींच्या दोन भिंती आणि मधे उघडं आकाश, त्यात खरी झाडं लावलेली बाग. आतल्या बाजूच्या केबिनला बाल्कनी मिळाली ती यामुळे. याला कुणी "दोन मजले" म्हणत असेल तर त्याने ती बोट पाहिलेली नाही.

आणि रुंदीचं कुणी बोलतच नाही. पनामा कालव्याची जुनी लॉक्स जेमतेम ३२ मीटर रुंदीची बोट घ्यायची, म्हणून कार्निव्हलचा स्पिरिट क्लास लांबुडका आणि अरुंद. व्हॉयेजरने कालवा सोडून दिला आणि ३८ मीटरवर गेली. तो रस्ता मावला कारण रुंदी मिळाली. क्लास असा ठरतो.

इनसाइड केबिन
ज्याच्यावर तुम्ही एवढे तापलात तो मीच. लिहिलं ते मागे घेत नाही.

घराणं म्हणताय ना, मग रॉयल कॅरिबियनचा व्हिजन क्लास घ्या. पहिली बोट लेजंड, १९९५. मग स्प्लेंडर, ग्रँजर, ऱ्हॅप्सडी, एन्चांटमेंट, आणि शेवटची व्हिजन १९९८ ला. क्लासला नाव कुणाचं? शेवटच्या बोटीचं! दोन हेलसिंकीत बांधल्या, चार फ्रान्समध्ये, लेजंड ६९ हजार टनांची आणि व्हिजन ७८ हजारांची. वर २००५ ला एन्चांटमेंट रॉटरडॅमला नेऊन मधोमध कापली आणि २२ मीटरचा नवा तुकडा घालून जोडली, तरी क्लास तोच. हे कसलं घराणं?

दुसरं, व्हिस्टा. हॉलंड अमेरिका कंपनीचा व्हिस्टा क्लास म्हणजे झुइडरडॅम, ओस्टरडॅम, वेस्टरडॅम, नूरडॅम, यात व्हिस्टा नावाची बोटच नाही. २०१६ ला कार्निव्हलने व्हिस्टा नावाची बोट काढली आणि तिचाही व्हिस्टा क्लास. दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या, बोटींचा एकमेकींशी काही संबंध नाही. सामान्य माणसाने यातून काय समजायचं?

माझगावकर
नेव्हीत हा घोळ नाही. पहिली बोट जी, तिचं नाव क्लासला. आयएनएस विशाखापट्टणम २०२१ ला नौदलात आली, मागोमाग मोर्मुगाव, इंफाळ, सुरत, चारही विशाखापट्टणम क्लासच्या, चारही माझगाव डॉकला बांधलेल्या. माझं आयुष्य त्या भागात गेलं. आणि नाव पडायच्या आधी यार्डात बोटीला फक्त नंबर असतो, कामगार नंबरानेच बोलतात, नाव पुढे येतं.

आणखी एक, धक्क्यावरचे, "ग्रॉस टन" लिहिलंत ते बरं केलंत पण लोक ते वजन समजतात. ते वजन नाही. बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. रॉयल कॅरिबियनच्या नव्या आयकॉन बोटीचा आकडा अडीच लाखांच्या आसपास जातो म्हणून ती अडीच लाख टन जड आहे असं नाही. कृपा करून हे डोक्यात ठेवा, दरवेळी सांगून थकलो.

पहिल्यांदाच
मी तांत्रिक माणूस नाही, पण अनुभव सांगते. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही सहा जण परदेशात क्रूझला गेलो. एजंट म्हणाला, ही बोट अमुक बोटीची बहीण आहे, तिचा डेक प्लॅन बघून केबिन ठरवा, सगळं सेम टू सेम. आम्ही ठरवली. तिथे गेलो तर खिडकीबाहेर समुद्र नाही, लाइफबोट. केशरी रंगाची, खिडकीभर. सासूबाई सात दिवस ती बोटच बघत बसल्या. बहिणीवर त्या जागी मोकळं होतं, हिच्यावर लाइफबोटी वेगळ्या जागी टांगलेल्या. त्या अजून विचारतात, मला समुद्र दाखवायला नेलं होतं ना? आता सांगा क्लास बघून काय मिळालं.

धक्क्यावरचा
ताई, वाईट वाटलं. पण हा दोष एजंटचा, क्लासचा नाही. प्रत्येक बोटीचा स्वतःचा प्लॅन असतो, तो बघायचा.

इनसाइड केबिन
म्हणजे क्लास बघून भागत नाही हे तुम्हीच म्हणताय. हेच तर मी म्हणत होतो!

तारवटी_सासष्टी
एकवीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची बारा हेड हाउसकीपर म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच क्लासच्या तीन बोटींवर होतो. पहिल्या दोन बोटींवर लिनन पँट्री म्हणजे चादरी-टॉवेलांची खोली कुठे, कचऱ्याची लिफ्ट कुठे, डोळे बांधले तरी पोचलो असतो. क्रूच्या मधल्या लांब कॉरिडॉरला बऱ्याच बोटींवर आय-९५ म्हणतात, त्या कॉरिडॉरमधला प्रत्येक उंबरठा पायाला माहीत. तिसऱ्या बोटीवर गेलो, तोच क्लास, आणि पँट्री दुसऱ्या बाजूला सरकवलेली. पहिला आठवडा भरलेली ट्रॉली घेऊन मी रोज उजवीकडे वळायचो आणि परत फिरायचो. शंभर किलोची ट्रॉली. माझा हात अजून दुखतो.

तरी सांगतो, क्लास खोटा नाही. क्रूला तो कळतो. पाहुण्याला बाल्कनी आणि बुफे दिसतो, आम्हाला सांगाडा दिसतो.

बॅलार्ड पियर
हे सगळं फिनलंड-फ्रान्सचं चाललंय, पण आपल्या वाट्याला काय येतं ते बोला की. २०१९ ला मुंबईत कर्णिका आणली, केवढा गाजावाजा. होती काय ती? १९९० ची क्राउन प्रिन्सेस. मग अरोझा ब्लू, मग आयडाब्लू, मग ओशन व्हिलेज टू, मग पॅसिफिक ज्वेल, मग कर्णिका. सहावं नाव! वर्ष-दीड वर्षात कंपनी बुडाली आणि बोट अलंगला भंगारात. आताची कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेसही १९९० चीच. जगाने वापरून टाकलेलं आपल्याला. यावर धागा काढा, क्लासचं कौतुक पुरे.

तारवटी_सासष्टी
भंगार म्हणू नका. क्राउन प्रिन्सेसचा आकार इटलीचा वास्तुविशारद रेन्झो पियानोने दिलेला, डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोल माथा, बंदरात उभी असली की लांबून ओळखायची. अशी बोट आज कोणी काढत नाही.

बॅलार्ड पियर
पियानोने दिला असेल, मी तीस वर्षं जुन्या बाथरूमबद्दल बोलतोय. पूर्ण पैसे घेता ना आमच्याकडून? मग नवीन बोट का नाही? लोकल तशी, बोट तशी, आपल्या माणसाने सगळं चालवून घ्यायचं!

माझगावकर
जुनी म्हणजे वाईट हे कुठून आणलंत? प्रवासी बोटीचा तळ दर पाच वर्षांत किमान दोनदा ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढलेल्या गोदीत, तपासायला लागतो, पत्रा झिजला असेल तर कापून नवा घालतात. मी स्वतः असे पत्रे बदललेत, वेल्डिंगच्या धुरात दिवस काढलेत. बाथरूम जुनं असेल, बोट नाही.

बॅलार्ड पियर
काका, तुम्ही पत्रे बदललेत, मी बायकोला घेऊन झोपायला गेलेलो. रात्रभर एसीतून पाणी टपकत होतं, खाली बादली ठेवली होती. कोणती बोट ते लिहीत नाही, पण तुमचा ड्राय डॉक त्या बादलीला उत्तर नाही.

पहिल्यांदाच
दोघांनी आवाज खाली घ्या. भांडण मूळ विषयावर तरी करा.

धक्क्यावरचा
नाही, हा मुद्दा मूळ विषयाचाच आहे. आयकॉनसारखी नवी बोट दोघांच्या केबिनचा हिशोब धरला तरी साडेपाच हजारांवर माणसं घेते. मुंबईतून आठवड्याला तेवढी भरणार कोण? आणि लक्षद्वीपला एवढ्या मोठ्या बोटीसाठी धक्काच नाही, बोट बाहेर नांगर टाकते आणि छोट्या बोटींनी माणसं उतरवायला लागतात. साडेपाच हजार माणसं उतरवता उतरवता दिवस मावळेल. तिथे ४८ हजार टनांची एम्प्रेसच चालते. आणि ४८ हजार म्हणजे लहान समजू नका, टायटॅनिक ४६ हजारांची होती.

शिवाय लहान बोटींचे क्लास टिकतात. रेनेसाँ कंपनीच्या आर क्लासच्या आठ बोटी, प्रत्येकी ३० हजार टन, १९९८ ते २००१ मध्ये फ्रान्सला बांधल्या. कंपनी २००१ ला बुडाली, आणि त्या बोटी आज ओशनिया आणि अझमारा या कंपन्या चालवतात. मालक गेला, रंग बदलला, पण "आर क्लास" म्हटलं की जाणकार आजही ओळखतात. क्लासला अर्थ नसता तर हे झालं असतं का?

इनसाइड केबिन
आर क्लासचं मान्य. एवढंच. तिथे सगळ्या खरंच सारख्या होत्या. पण कार्निव्हलचा डेस्टिनी क्लास घ्या. १९९६ ची डेस्टिनी, १ लाख टन ओलांडणारी पहिली प्रवासी बोट, इतिहास घडवलेली. २०१३ ला नूतनीकरण करून तिचं नाव सनशाइन केलं, पुढे ट्रायम्फची सनराइझ, व्हिक्टरीची रेडियन्स, आणि आता क्लासच सनशाइन क्लास झाला. म्हणजे तीस वर्षांचं तुमचं घराणं एका रंगाच्या डब्यात गेलं. याला जाहिरात नाही तर काय म्हणायचं?

धक्क्यावरचा
डेस्टिनीबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि मला ते आवडलेलं नाही. जुनं नाव ठेवायला हवं होतं. मी अजूनही डेस्टिनी क्लासच लिहितो.

तारवटी_सासष्टी
आम्ही क्रूवाले पण जुन्याच नावाने बोलतो. नाव बदललं तरी चाचपडल्यावर हाताला पँट्रीचं दार त्याच जागी लागतं.

पहिल्यांदाच
मग मला कोणीतरी सरळ सांगा, पुढच्या वेळी सासूबाईंसाठी काय बघू? त्या ऐंशीच्या होताहेत, मार्चमध्ये.

इनसाइड केबिन
क्लास नका बघू. त्या बोटीच्या नावाने डेक प्लॅन काढा, लाइफबोटींच्या डेकपेक्षा किमान दोन डेक वरची आणि मधोमधची केबिन घ्या, मधोमध डोलणं कमी लागतं.

धक्क्यावरचा
सल्ला बरोबर आहे. केबिन नंबर इथे टाका ताई, मी त्या क्लासच्या बाकीच्या बोटींशीही ताडून सांगतो.