सल्ला हवा: नवीन टाकी, मासे आधीच सोडलेत, पाणी सारखं पांढरं होतंय

कास्तकाराची_लेक (६ फेब्रुवारी)

नमस्कार. आम्ही आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा चौथीत आहे. २६ जानेवारीला त्याच्या वाढदिवसाची काचेची टाकी आणली, २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. दुकानातून त्याच दिवशी मासेही आणले, दोन गोल्डफिश आणि चार मॉली. पाणी भरा, बाटलीतले थेंब टाका, मासे सोडा, एवढंच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं. फोन केला तर म्हणाले, सगळं पाणी काढा, गोटे आणि स्पंज नळाखाली धुवा, पुन्हा भरा. तसं दोनदा केलं. दुसऱ्या धुण्यानंतर एक मॉली गेली. आज सकाळी मोठा गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होता, कल्ले लालभडक दिसत होते. मुलगा टाकीसमोरून उठायला तयार नाही.

पाणी बोअरचं आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. ग्रामपंचायतीचा नळ दिवसाआड येतो, कधी कधी ब्लीचिंगचा वास येतो. गावात आरओचा जारही मिळतो. कोणतं पाणी वापरू? दुकानातलं निळं औषध टाकू का? लाइन रोज जाते, तेव्हा काय करायचं तेही सांगा.

वऱ्हाडी_मोट

ताई, पयले दोन दिवस खायला देऊच नका. मासे उपाशी मरत नाही, घाणीनं मरते. निळं औषध नोको. अन् पुरी टाकी धुणं आजपासून बंद!

जुनी_टाकी_दारव्हा

ताई, तुमचा मासा आजारी नाही, त्याला अमोनिया चढलाय. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. जुन्या टाकीत स्पंजावर आणि गोट्यांवर दोन प्रकारचे जिवाणू वसलेले असतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य. ही वसाहत बसली की टाकी सायकल झाली म्हणतात. त्याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तुमची टाकी १० दिवसांत दोनदा पहिल्या पायरीवर आली. पाण्याचा पांढरटपणा म्हणजे तरंगणारे वेगळे जिवाणू, तो आपोआप बसतो. त्याच्यासाठी टाकी रिकामी करायची गरज नव्हती.

आता मासे आत असतानाच सायकल करायची आहे. तुमच्या मापात ५६ लिटर बसतं, गोटे आणि वरची मोकळी जागा सोडून ५० धरा. आज निम्मं पाणी बदला. उद्यापासून रोज १५ लिटर काढायचं, तेवढंच घालायचं. नळीने तळातली घाण ओढून काढा. स्पंजाला हात लावू नका. अगदीच तुंबला तर टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात बादलीत दोनदा हलका पिळा. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, त्याने वसाहत मरते.

बोअरचं पाणी उपसल्या उपसल्या टाकू नका. जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. रात्री उघड्या बादलीत भरा, हवेची नळी त्यात सोडा, सकाळी वापरा. नळाचं असेल तर तीच बादली २४ तास उघडी ठेवा, शक्य तर उन्हात. घाई असेल तर दुकानातलं क्लोरीन काढायचं औषध, म्हणजे हायपो, बाटलीवर लिहिलंय तेवढंच.

थेंबांची तपासणी किट मागवा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएचची (पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा). पट्ट्यांपेक्षा थेंब खात्रीचे. अमोनिया आणि नायट्राइट मिळून अर्ध्या पीपीएमच्या, म्हणजे लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. त्याच्या वर गेलं की त्या दिवशी निम्मं पाणी.

शेततळं_वर्धा

आरओचा जार वापरा ना, सगळ्यात स्वच्छ पाणी तेच. आमच्या दिवाणखान्यातल्या टाकीत तेच आहे.

जुनी_टाकी_दारव्हा

भाऊ, जुन्या टाकीत मिसळून चालत असेल. नव्या टाकीत नुसतं आरओ नको. हे जिवाणू अमोनिया फोडताना पाण्यातला क्षार खातात. आरओमध्ये तो जवळपास नसतोच, मग पीएच घसरतो आणि काम थंडावतं. भांड्यावर डाग पाडणारं आपलं जड पाणी या कामाला उत्तम आहे, मॉलीला तर ते मनापासून मानवतं.

त्याची दुसरी बाजूही सांगतो. जड पाण्याचा पीएच बहुधा ८ च्या आसपास असतो. पीएच एकाने वाढला की अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणून मऊ पाणीवाल्याचा १ पीपीएम आणि आपला १ पीपीएम सारखा नाही. आपल्याकडे पाणी बदलायला कंटाळून चालत नाही.

ताई, दारव्ह्याला यायचं जमत असेल तर माझ्या सहा वर्षांच्या टाकीतला अर्धा स्पंज कापून देतो. ओला असतानाच उघड्या डब्यात न्यायचा, पाण्यात बुडवून झाकण लावायचं नाही, हवा लागली पाहिजे. दोन-तीन तासांत तुमच्या फिल्टरजवळ गेला पाहिजे.

खारपाण_दर्यापूर

अमोनिया उतरला की नायट्राइट चढतं, तेव्हा सगळे गाफील राहतात. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त तपकिरी होतं, प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. लहान बाळ नायट्रेटच्या पाण्याने निळं पडतं, तोच प्रकार.

यावर उतारा साधा आहे, मीठ. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. ५० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा खडे मीठ, पेल्यात विरघळवून घाला. रोज १५ लिटर बदलाल तर त्या हिशोबाने दीड ग्रॅम पुन्हा. आमच्या दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीतच इतकं क्लोराइड असतं की वरून मीठ घालावं लागत नाही. तुमच्याकडे लागेल.

एक गोष्ट नक्की करा. किट आली की टाकीच्या आधी बोअरचं नायट्रेट तपासा. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत यवतमाळ, वर्धा, अमरावती, बुलडाणा ही नावं जास्त नायट्रेटसाठी येतात. खत आणि गोठ्याचं झिरपून विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी तान्हं बाळ असेल तर असं पाणी त्याच्या दुधाला वापरू नका, उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं.

कास्तकाराची_लेक (१९ फेब्रुवारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. दारव्ह्याच्या दादांनी स्पंज दिला, १० तारखेला आणला. बसमध्ये मुलाने डबा मांडीवर उघडा धरला, पूर्ण रस्ता झाकण लावू दिलं नाही.

किटचे आकडे: ९ तारखेला अमोनिया २, नायट्राइट ०, पीएच ८. काल अमोनिया पाव, नायट्राइट १. बोअरचं नायट्रेट मात्र ४० निघालं, टाकीतही ४०. याचा अर्थ सायकल झाली का?

गोल्डफिश आता खाली पोहतो. मीठ चालू आहे.

जुनी_टाकी_दारव्हा

अजून नाही. नायट्रेट टाकीने केलं नाही, ते बोअरमधूनच आलं. आपल्या भागात टाकीचा आकडा वजा बोअरचा आकडा असं बघायचं. किटवर लिहिलेलं "नायट्रेट दिसलं म्हणजे सायकल पूर्ण" हे ज्या गावांच्या पाण्यात मुळात नायट्रेट नसतं त्यांच्यासाठी ठीक. तुम्ही फक्त अमोनिया आणि नायट्राइटकडे लक्ष ठेवा. दोन्ही शून्य, आणि रोजचं खाणं चालू असताना सलग आठवडाभर शून्य, तेव्हाच झाली म्हणायची.

पहिल्या पायरीचे जिवाणू बसलेत हे मात्र नक्की, आकडे तेच सांगतात. आता १ नायट्राइट आहे तर आज निम्मं पाणी बदला. खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल तेवढं.

वऱ्हाडी_मोट

लाइन गेली की काय, हे कोणी सांगतलंच नाही! तांब्यानं टाकीतलं पाणी काढायचं अन् हातभर उंचीवरून परत सोडायचं, दहा मिनिटं. आमी तेच करतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप भेटला तर घेऊन ठेवा. नुस्ते मासेच नाही, स्पंजातले जिवाणूबी हवेबिगर मरते. लाइन चार-पाच तास गेली तर स्पंज फिल्टरातून काढून टाकीतच मोकळा सोडा, अन् आल्यावर चालू करायच्या आधी त्या फिल्टरातलं साचलेलं पाणी फेका.

जुनी_टाकी_दारव्हा

मार्च लागतोय, म्हणून उन्हाळ्याचं आत्ताच सांगतो. २५ अंशाला लिटरभर पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३५ ला ७ च्या खाली येतो. विषारी अमोनियाचा वाटा मात्र उष्णतेने वाढतो. टाकी पत्र्याच्या छपराखालून काढून आतल्या भिंतीपाशी ठेवा. झाकण काढून जाळी टाका आणि टेबल पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. आपल्याकडची हवा कोरडी, पाणी उडून टाकी दोन-चार अंश सहज उतरते. पण उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून उडालेलं भरायला जारचं आरओ वापरा, आणि बदलायला बोअरचं. शेततळं भाऊंचा जार इथे कामाला येतो.

आणि मनावर घ्या, दोन गोल्डफिश या टाकीत कायम राहू शकत नाहीत. ते वाढतात आणि घाण भरपूर करतात. घरी जुना सिमेंटचा हौद सावलीत असेल तर त्यात छान राहतील. नवा हौद नको, ओल्या सिमेंटने पीएच फार चढतो. अरुणावतीत मात्र कधीच सोडू नका, नदीतल्या आपल्या माशांना त्याचा त्रास होतो.

कास्तकाराची_लेक (१७ मार्च)

९ मार्चपासून अमोनिया ०, नायट्राइट ०, रोज एकदा खाणं चालू असूनही. मीठ बंद केलं. आता आठवड्यातून एकदा १५ लिटर बदलते.

गुरांच्या गोठ्याजवळचा जुना हौद घासून, पाणी दोन दिवस मुरवून घेतला. गोल्डफिश रविवारी तिकडे जातील, स्पंजाचा एक तुकडाही सोबत. मुलाने वहीत सगळे आकडे लिहिलेत, हौदासाठी नवीन पान केलंय. त्यावर पहिली ओळ आहे, "पाणी उन्हात ठेवले, वास नाही."

वऱ्हाडी_मोट

हौदावर जाळी टाका बरं, ढोकरी बगळा टपूनच बसते.