जिवाणूंनी घडवलेले चुंबककण: कर्करोगासाठी यांच्यावर भर द्यावा का?

सायली_क
१९७५ साली रिचर्ड ब्लेकमोर यांनी चिखलातल्या काही जिवाणूंबद्दल लिहिलं. चुंबक जवळ नेला की ते ठरावीक दिशेने पोहत जायचे. त्यांच्या पेशीत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या चुंबकीय खनिजाचे, कण माळेसारखे ओवलेले असतात, साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचे, आणि प्रत्येकाभोवती जिवाणूने स्वतःच चढवलेलं मेदाचं आवरण. हेच मॅग्नेटोसोम.

मला ठामपणे वाटतं की कर्करोगासाठी रसायनांतून बनवलेल्या लोहकणांपेक्षा यांच्यावर जास्त काम व्हावं. आकार जवळपास सारखा, स्फटिक नेटका, त्यामुळे बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ते छान तापतात. गाठ ४२-४५ अंशांपर्यंत तापली की तिच्या पेशी मरतात, निदान किरणोपचारापुढे हतबल होतात. एमआरआयमध्येही हेच कण दिसतात. म्हणजे गाठ दाखवणारा आणि तापवणारा कण एकच!

रानवारा
साफ असहमत. हे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू आहेत. त्यांच्या बाहेरच्या कवचातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष रक्तात गेलं तर ताप भडकतो, रक्तदाब कोसळू शकतो. ते पूर्ण गेलंय हे प्रत्येक बॅचला दाखवावं लागेल. आणि त्यासाठी आवरणच धुऊन काढलं, तर तुम्ही ज्याचं कौतुक करताय तेच गेलं. वर या जिवाणूंना ऑक्सिजन अगदी बेताचा लागतो, त्यामुळे मोठ्या टाकीत ते वाढवणं जिकिरीचं. उलट मानवनिर्मित लोहकणांच्या उष्णतोपचाराला मेंदूतल्या गाठींसाठी युरोपात २०१० मध्येच मान्यता मिळाली.

सायली_क
मानवनिर्मित म्हणून निर्धोक, असंही नाही ना. फेरुमॉक्सिटॉल या लोहकणांच्या इंजेक्शनवर २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जीवघेण्या अ‍ॅलर्जीबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

मीरा७
मी रोज एमआरआय बघते, म्हणून ‘एकच कण’ या मुद्द्यावर अडते. चित्रासाठी लोह अगदी थोडं पुरतं. तापवायला मात्र गाठीत ते भरपूर भरावं लागतं. मग तो सगळा भाग एमआरआयवर काळाठिक्कर पडतो. गाठ पुन्हा वाढतेय का, हे नंतर कशात बघायचं? हा प्रश्न कण जिवाणूचा असो की रसायनांचा, तसाच राहतो.

सायली_क
मीरा, हे मान्य. ‘एकच कण’ हा दावा मी मागे घेते. पण जिवंत जिवाणूच औषधवाहक केले तर? २०१६ मध्ये माँट्रियलच्या गटाने औषधाच्या पिशव्या लादलेले असे जिवाणू चुंबकाने उंदरांच्या गाठीकडे वळवले. कमी ऑक्सिजन त्यांना मानवतो, त्यामुळे ते गाठीच्या आतल्या भागात शिरले. रक्तातून येणारं औषध पोचत नाही ते नेमकं तिथेच.

रानवारा
प्रयोग सुंदर आहे, नाकारत नाही. पण इंजेक्शन गाठीच्या शेजारीच दिलं होतं. माणसाच्या पोटात खोलवर, स्वादुपिंडात गाठ असेल तर चुंबकाची पकड तिथपर्यंत टिकवणंच अवघड. त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी तरी शुद्ध केलेल्या, मोजता येणाऱ्या कणांच्याच बाजूने.

मीरा७
मग शुद्ध केलेले मॅग्नेटोसोम आणि रासायनिक कण, दोन्ही एकाच चुंबकीय क्षेत्रात, लोहाचं वजन सारखं ठेवून तापवून बघा. मला आधी ती तुलना हवी.