बीटचा पाला जोमात, कंद मात्र बोटाएवढेच – मदत हवी आहे

परसबागेत बियांपासून बीट लावलंय. उगवण छान झाली, पण आता नुसता पाला माजलाय आणि खाली कंद धरतच नाहीये. कुंडी नाही, जमिनीतला वाफा आहे. माती भुसभुशीत, वीतभर खोल खणलेली, पाणी साचत नाही. ऊन सकाळपासून दुपारपर्यंत थेट. पेरताना शेणखत सढळ हाताने घातलं होतं, नंतर काहीच नाही.

बीटची एक बी म्हणजे खरं तर दोन-चार बियांचा गुच्छ, त्यामुळे विरळणी आधीच केली आहे. दोन रोपांत साधारण 10 सेंमी अंतर आहे. (उपटलेली रोपं दुसरीकडे लावली, त्यांची मुळं वाकडीतिकडी झाली. ती सोडून द्या.) एक कंद कापून पाहिला, आत काळे डाग नाहीत, म्हणजे बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता नसावी. पानांवर कीडही नाही.

माझा संशय शेणखतातून नत्र (पाला वाढवणारं नायट्रोजन) जास्त झाल्यावर आहे. रासायनिक खत वापरायचं नाही, कंद भरायला लागणारं पालाश (पोटॅश) देणारी लाकडाची राख हाताशी आहे. ती दिली तर याच रोपांचे कंद अजून भरतील का, आणि द्यायची तर किती? की पाला भाजीला काढून वाफा नव्याने पेरावा?