गोव्यातलं तुमचं गाव: जीव कशात अडकतो, जीव कशानं जातो?

परतीचा_प्रवासी:
येत्या पावसाआधी फोंडा तालुक्यातल्या वडिलोपार्जित घरात कायमचं राहायला यायचं ठरलंय. घर बारा वर्षं बंद आहे. मागे छोटं कुळागर आहे आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) अजून आजोबांचंच नाव आहे. किनाऱ्यावरची गर्दी आणि पार्ट्या यांवर वाचायला पुष्कळ मिळतं, मला ते नको आहे. जे बारा महिने गावात राहतात त्यांनी आपापल्या गावातलं मनापासून आवडणारं काय आणि नकोसं काय ते सांगावं. नुसतं "निसर्ग छान, रस्ते वाईट" नको. त्यामागचं काम, खर्ची पडणारा वेळ आणि चुका कुठं होतात ते कळलं तर फार उपयोग होईल.

अंत्रुजकर:
फोंड्याचं विचारलंत म्हणून आधी कुळागर. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी, मध्ये जायफळ, खाली केळी आणि जमिनीलगत सुरण, अननस. झरीचं पाणी पाटानं एका पायरीवरून दुसरीवर उतरतं. एप्रिलच्या भर दुपारी डांबरी रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की अंगावरचा घाम निवतो. फोंड्याच्या माणसाला गावाचं काय आवडतं, याला माझं पहिलं उत्तर हेच.

नकोसं तेही तिथंच आहे. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, मिळत नाहीत. पाडा दोन-तीन महिन्यांनी व्हायला हवा. तो लांबला की सुके नारळ आपोआप पडतात आणि माड घराजवळ असेल तर कौलं फोडतात. पाडेल्याला आयत्या वेळी फोन करून काम होत नाही. वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवला तर तो येतो, कारण त्याचीही फेरी वाया जात नाही.

दुसरं, पोफळीचा कोळेरोग. भर पावसात हिरवी सुपारी कुजून गळते, आणि गळ दिसेपर्यंत निम्मं पीक गेलेलं असतं. फवारणी पाऊस लागायच्या आधी, मेच्या अखेरीस, आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. बोर्डो मिश्रण १ टक्क्याचं: मोरचूद १ किलो, चुनकळी १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद ५० लिटर पाण्यात, तेही प्लास्टिकच्या पिंपात, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात नाही. चुना उरलेल्या ५० लिटरमध्ये विरवून गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेनं ओतत ढवळत राहा. उलट ओतलं तर मिश्रण फाटतं आणि पंपाचं तोंड तुंबतं. आता घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी निवळी घाला, नाहीतर घड करपतात. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. फवारा घडाच्या सगळ्या बाजूंनी आणि देठापर्यंत पोचला पाहिजे. खालून नुसतं झाड ओलं करण्याला काही अर्थ नाही.

माकडं आणि रानडुकरं यांवर मात्र खात्रीचा उपाय सांगता येत नाही. केळीचा घड झाकून ठेवायचा आणि थोडा आधीच उतरवायचा, एवढंच.

देवळाकडचो:
अंत्रुजकरांनी देवळांचं लिहिलं नाही. मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून आणि शांतादुर्गा केळशीहून सोळाव्या शतकात इकडे आली, आणि तेव्हापासून ह्या अंत्रुज महालाचं, म्हणजे फोंड्याचं, वर्ष देवळाच्या पंचांगावर चालतं. जत्रा, पालखी, भजनी सप्ताह आणि जत्रेच्या रात्री गावातल्याच मुलांचं मराठी नाटक. दोन महिने तालमी, पेटी-तबला वाड्यावरचाच, नेपथ्य भाड्याचं. गावात नवीन आलेल्याला मिसळायचं असेल तर तालमीच्या जागी जाऊन बसावं, काम आपोआप हातात येतं.

नकोसं म्हणाल तर महाजनकीचे वाद. महाजन म्हणजे देवस्थानचे वंशपरंपरेनं आलेले सभासद. देवस्थानचा कारभार १९३३ च्या माझानिया कायद्यानं चालतो, महाजनांच्या यादीत नाव असेल त्यालाच मत. निवडणूक दर तीन वर्षांनी, आणि त्या वर्षी शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही. तुमचं घराणं महाजन असेल तर यादीत नाव आहे का ते आल्यावर शांतपणे विचारून घ्या, निवडणुकीच्या तोंडावर नको.

दिवाडी:
आमच्याकडे तिसवाडीच्या बेटांवर प्रेम आणि राग दोन्ही खाजनावर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतावर. भरती-ओहोटीतला फरक इथं दोन मीटरच्या आसपास, आणि शेत भरतीच्या पातळीच्या खाली. तरीही तिथं भात पिकतं, ते बांध आणि मानस (बांधातलं पाण्याचं दार) यांच्या जोरावर. मानशीची लाकडी दारं नदीच्या बाजूच्या पाण्याच्या दाबानं भरतीला आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडतात. ना मोटर, ना माणूस. जूनच्या पहिल्या पावसानं मातीतलं मीठ धुऊन निघतं, मग कोरगुट जातीचं भात पेरायचं, कारण तेच खारेपणा सोसतं.

बिघडतं ते असं. कुर्ल्या बांधात बिळं करतात, बिळातून पाणी झिरपतं, अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला तेच भगदाड होतं. बीळ दिसलं की चिकणमाती आणि पेंढा ठासून त्याच आठवड्यात बुजवलं तर काम एका माणसाचं. एक महिना थांबलं तर यंत्र आणावं लागतं, आणि ओल्या बांधावर यंत्र चढत नाही. दुसरी गोष्ट, मानशीतल्या मासळीचा लिलाव. तो पैसा बांधाच्या दुरुस्तीसाठीच असतो, ही पद्धत चांगली आहे. पण लिलाव घेणारा जास्त मासळीसाठी भरतीला दारं उघडी ठेवू लागला की खारं पाणी शेतात शिरतं. दोन-तीन वर्षं शेत पडीक राहिलं की तिथं खारफुटी उगवते, आणि मग ते शेत परत मिळवणं कायद्यानंही अवघड. हे टाळता येण्यासारखं असतं म्हणूनच फार लागतं.

फेरीबोटीचं थोडक्यात: चालत जाणाऱ्याला पैसे नाहीत, वारा छान, आणि रात्री कुणी आजारी पडलं की तीच फेरी शत्रू वाटते. बेटावर घर घेणाऱ्यानं शेवटच्या फेरीची वेळ आधी पाठ करावी.

एक_चौदा:
मूळ प्रश्नातलं "आजोबांचंच नाव" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. गोव्यातल्या गावांत कुलूप लागलेली घरं दिसतात, त्यांतली पुष्कळशी ह्याच कारणानं बंद असतात.

इथं १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा चालत आला, वारसाहक्कापुरता आता २०१२ चा गोव्याचा कायदा आहे. त्यातली मला मनापासून आवडणारी गोष्ट अशी: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी, आणि मुलगा-मुलगी वारसात समान. मृत्युपत्र करूनही मुलांना पूर्ण डावलता येत नाही, स्वतःच्या वाट्यातला निम्माच भाग मर्जीनं देता येतो.

त्याचीच दुसरी बाजू अशी की आजोबांना पाच मुलं असतील तर आज त्या घराला तीस-चाळीस सह्या लागतात. प्रत्येक वारसाच्या नवऱ्याची किंवा बायकोचीसुद्धा. एक जण परदेशात, एक जण रुसलेला, आणि घर पडतं.

तुम्ही असं करा. आधी एक-चौदा काढा आणि त्यावर कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून कुणाचं नाव आहे का ते बघा. मुंडकार असेल तर १९७५ च्या कायद्यानं त्याला घराभोवतीच्या जागेसह हक्क आहे, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, नीट बोलून हद्द ठरवा. मग आजी-आजोबांपासून खाली सगळ्यांचे जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले गोळा करा. हेच काम सर्वांत लांबतं, कारण जुन्या नोंदींत एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. त्यानंतर दोन वाटा आहेत. वाद नसेल तर विशेष नोटरीकडे वारस ठरवणारा दस्त करून म्युटेशनचा (फेरफाराचा) अर्ज द्यायचा. ह्यानं वारस कोण ते ठरतं, वाटण्या होत नाहीत, लोक इथंच फसतात. वाटण्या करायच्या असतील तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी. तिथं मालमत्तेची यादी होते, एकमत नसेल तर वारसांमध्येच बोली लागते आणि ज्याची बोली चढी तो इतरांना त्यांचा वाटा पैशानं देतो.

घरपट्टी कुणाच्या नावावर भरली जाते तेही पंचायतीत बघून घ्या. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, पण ती खंडित असेल तर वीजजोडणी आणि दुरुस्तीची परवानगी दोन्ही अडतात. आणि नात्यातल्या सगळ्यांना दुरुस्तीआधी कळवा. न सांगता कौलं उतरवली की पहिली तक्रार घरातूनच जाते.

डिचोलीकर:
आमच्याकडे शिगम्यातली घोडेमोडणी. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोल-ताशाच्या चालीवर पुढं-मागं. ते बघायला बाहेरगावची माणसं रजा काढून येतात. नकोशी ती खाणीची तांबडी धूळ. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत थांबल्या, पण खाणीच्या खड्ड्याजवळच्या विहिरींचं जे झालं ते झालंच. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला आणि त्यातलं पाणी पंपानं उपसलं की आजूबाजूच्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतात. आणि पावसात ढिगाऱ्याची माती ओहोळातून शेतात येऊन बसली की भाताची मुळं गुदमरतात. खाणपट्ट्यात जागा बघायची असेल तर विहीर मे महिन्यात बघा. ऑगस्टमध्ये सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात.

सांगेकर:
कुर्डीचा उल्लेख व्हायला हवा. साळावली धरणात गाव गेलं, लोक वाडे आणि वालकिणीला वसवले गेले. पाणी उतरल्यावर मे महिन्यात घरांचे चौथरे, तुळशी, वाटा दिसू लागतात, आणि सोमेश्वराच्या उत्सवाला तिथली माणसं आपापल्या चौथऱ्यावर येऊन बसतात. मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. आता त्याच धरणाचं पाणी दक्षिण गोव्याच्या नळाला येतं. जाणाऱ्यांनी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावं, चिखल पूर्ण वाळलेला नसेल तिथं गाडी उतरवू नये, आणि चौथऱ्यांवरून एक दगडही उचलून आणू नये.

परतीचा_प्रवासी:
सगळ्यांचे मनापासून आभार. एक-चौदा उद्याच काढतो. आता एकच: बारा वर्षं बंद घराच्या छपराचं काम कुठून सुरू करायचं? मंगळुरी कौलं, चिऱ्याच्या भिंती, चिखलात बांधलेल्या.

शाकारणी:
एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. मेच्या मध्यानंतर वळिवाचा भरवसा नसतो आणि सगळे गवंडी-सुतार अडकलेले असतात. बाहेरून कौलांवर चढू नका, आतून बघा. भर दुपारी दारं-खिडक्या मिटून अंधार केला की फुटलेल्या कौलातून ऊन सरळ दिसतं, खडूनं त्याखालच्या रिपेवर खूण करा.

मग वाशांची टोकं. वासा मध्ये सहसा कुजत नाही, भिंतीवर टेकतो तिथं कुजतो. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, अर्धा इंच सहज आत गेला तर वासा बदला. नुसता तुकडा जोडून भागवू नका. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसल्या तर खरवडून त्या कुठून वर चढतात ते शोधा, नाहीतर नवं लाकडही दोन वर्षांत जाईल. काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला लावायची इथली जुनी रीत आहे, ती चालते, पण हातमोजे घाला, कातडी भाजून फोड येतात.

कौलं शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. जुन्या कारखान्याची कौलं नव्याला बसत नाहीत, खाचा जुळत नाहीत आणि नेमकं तिथंच पाणी शिरतं. म्हणून सगळी जुनी चांगली कौलं छपराच्या एका उतारावर लावा आणि नवी पूर्ण दुसऱ्या उतारावर. दोन उतार मिळतात तिथली पन्हळ पानांनी भरते, ती मेच्या शेवटी आणि पुन्हा जुलैत साफ करा, मोठ्या गळत्या बहुतेक तिथूनच सुरू होतात.

आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चिखलात बांधलेला चिरा पावसाळ्यात ओल घेतो आणि उन्हाळ्यात सोडतो, सिमेंट ती ओल आत कोंडतं, मग तीन-चार वर्षांत गिलावा पापुद्र्यानं सुटतो, सोबत चिऱ्याचा भुगा घेऊन. चुन्याचाच करा. पावसाच्या माऱ्याची भिंत, बहुतेक घरांची नैर्ऋत्येकडची, पहिल्या वर्षी माडाच्या चुडतांची झापं विणून झाकून घ्या. झापं एप्रिलमध्येच विणायला सांगा, जूनमध्ये कुणाकडे शिल्लक नसतात.

अंत्रुजकर:
त्यात एक जोडतो. पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मेमध्येच भरा: सोलं, आगळ, तांबडी मिरची, उकडे तांदूळ आणि सुकी मासळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. आणि बारा वर्षं बंद घरात डबे ठेवायची फळी भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा, पहिल्या पावसाळ्यात भिंतीला टेकलेलं सगळं बुरसतं.