फर्मची लेखी चाचणी: ९० मिनिटांत मेमो आणि पत्र कसं बसवायचं?

वर्धारोड_एलएलबी:
नमस्कार मंडळी. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिली फर्मची लेखी चाचणी शनिवारी आहे. कागदपत्रांचा गठ्ठा देणार, त्यावरून सीनियरसाठी मेमो (कायदेशीर मताचं टिपण) आणि अशिलाला पत्र, ९० मिनिटांत. कलमं येतात, पण सरावात एकट्या मेमोलाच ७५ मिनिटं लागतात. कुठे चुकतंय?

जुनी_फाइल:
बहुधा हकीकत परत लिहिण्यात वेळ जातोय. फाइल सीनियरनेच दिलेली असते, ती त्यांना पुन्हा सांगू नका. आधी प्रश्न वाचा, मग गठ्ठा. पहिली २० मिनिटं वाचन आणि तारखांचा तक्ता, ४० मेमो, २० पत्र, उरलेली १० फक्त तारखा, रकमा आणि नावं ताडून बघायला.

चेक परत गेल्याचं प्रकरण सरावाला घ्या, कारण सगळा खेळ मुदतीचा आहे. कळमन्यातल्या संत्रा व्यापाऱ्याने आपल्या अशिलाला दिलेला ४,८०,००० चा चेक. बँकेचा रिटर्न मेमो (चेक न वटल्याची चिठ्ठी) ६ मार्च २०२५ ला हातात आला. तो दिवस सोडून ३० दिवस मोजा: पैसे मागणारी नोटीस ५ एप्रिलपर्यंत पाठवायला हवी. समोरच्याला ती ४ एप्रिलला मिळाली, तर पैसे द्यायचे त्याचे १५ दिवस १९ ला संपतात, वादकारण (फिर्याद करायचा हक्क) २० एप्रिलला घडतं आणि तिथून एक महिना, म्हणजे फिर्याद २० मेपर्यंत. इथे ३० दिवस नाहीत, कॅलेंडरचा महिना आहे. बरेच जण २० एप्रिलही मोजून १९ मे लिहितात.

आता नोटिशीतली रक्कम बघा. व्याज, खर्च मिसळून एकच ५,३५,००० मागितले असतील तर नोटीसच अडचणीत येते. चेकची रक्कम वेगळी दाखवून व्याज निराळं मागितलं असेल तर चालतं. गठ्ठ्यात असा खड्डा मुद्दाम ठेवतात. म्हणून मेमोची पहिलीच ओळ अशी हवी: ‘फिर्याद २० मेपर्यंत दाखल करता येईल, मात्र नोटिशीत चेकपेक्षा जास्त रक्कम एकत्र मागितल्याने ती टिकणं कठीण.’ कारणं त्याखाली.

मसुदा_आणि_चहा:
पत्राबद्दल. मेमो आखडून पत्र होत नाही. अशिलाला तीन गोष्टी हव्या असतात: स्थिती काय, त्याने काय करायचं, कोणत्या तारखेपर्यंत. ‘मूळ चेक, रिटर्न मेमो आणि पोस्टाची पावती १२ मेपर्यंत कार्यालयात आणून द्यावी’ असं लिहा; ‘आवश्यक कागदपत्रे लवकर द्यावीत’ असं नको. आणि आपली बाजू कच्ची असेल तर तेही सौम्य पण स्पष्ट शब्दांत सांगा. मेमोत धोका आणि पत्रात ‘निश्चिंत राहा’ ही विसंगती तपासणाऱ्याच्या लगेच डोळ्यात येते.

खंडपीठ_वाचक:
घटनेची तारीख बघूनच कलम लिहा. १ जुलै २०२४ आधीची फसवणूक भारतीय दंड संहितेच्या ४२० मध्ये, नंतरची तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) मध्ये. निवाड्याचं नाव पक्कं आठवत नसेल तर नुसतं तत्त्व लिहा. खोट्या निवाड्याचा दाखला अक्षम्य. उरलेल्या दिवसांत नागपूर खंडपीठाचा एकेक निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून काढून एका पानात बसवा: मुद्दा, निर्णय, कारण. घड्याळ लावून, हाताने.

वर्धारोड_एलएलबी:
मनापासून आभार. नोटिशीचं पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आलं असेल तर १५ दिवस कुठून?

जुनी_फाइल:
पत्ता बरोबर असेल तर नकार म्हणजे बजावणीच, नोटीस मिळाल्यासारखंच. जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ लावा आणि शेऱ्याखालची पोस्टमनची तारीख तक्त्यात घ्या, पाकीट तुमच्याकडे परत आल्याची नव्हे.