मदत हवी आहे: इमर्जन्सी बॅग आणि इन्सुलिनचं काय करता?

परवा रात्री लाइट गेली ती थेट दुसऱ्या दिवशी दुपारी आली, आणि टॉर्च शोधून काढला तर आत सेल लीक होऊन पांढरी पावडर साचलेली, स्प्रिंग गंजलेली, मोबाईल 9 टक्क्यांवर आणि पॉवर बँक शेवटची कधी चार्ज केली होती देव जाणे. तेव्हापासून एक बॅग तयार ठेवायचं डोक्यात घेतलंय. माणशी दिवसाला साधारण 4 लिटर पाणी, निदान 3 दिवसांचं ठेवा म्हणतात, म्हणजे आम्हा चौघांचं 48 लिटर, एवढं ठेवायचं कुठे आणि किती दिवसांनी बदलायचं? कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घातल्यात, ते झालं.

खरी काळजी सासूबाईंच्या इन्सुलिनची आहे. न उघडलेल्या बाटल्या 2 ते 8 डिग्रीत लागतात, मग फ्रीज बंद पडला की काय करता तुम्ही? बर्फाला चिकटून गोठलं तर ते वाया जातं हे माहितीये, म्हणून थर्मासमध्ये बर्फ घालून ठेवायची पण भीती वाटते. कोणी कूलिंग पाऊच वापरलाय का? आणि हो, सेल टॉर्चमधून काढूनच ठेवायचे ना?

नवरा म्हणतो उगाच बाऊ करतेस, पण त्या रात्री अंधारात मेणबत्ती शोधताना अंगठा त्यानेच ठेचून घेतला होता.