घड्याळातली ‘एकूण चढाई’: हा आकडा मानायचा का?

डोंगरवेडी
परवा एकाच वाटेवर, एकाच वेळी, शेजारी शेजारी धावलेल्या आम्हा दोघींच्या घड्याळांनी एकूण चढाई ८१० मीटर आणि १,०२० मीटर दाखवली. नोंद अ‍ॅपवर चढवल्यावर तिथे तिसराच आकडा आला, ९३०. तिन्ही आकडे अगदी छातीठोकपणे, मीटरपर्यंत.

माझं म्हणणं असं आहे की हा आकडा असा दाखवणं बंद व्हायला हवं. ‘अंदाजे ८०० ते १,०००’ असं लिहा. जेवढं कळतं तेवढंच सांगा.

जीपीएसला उंची नीट कळत नाही याला साधं कारण आहे. उपग्रह आपल्या चारही दिशांना असतात, पण सगळे आकाशात. पायाखालच्या बाजूचे उपग्रह पृथ्वीच्या आड असतात. त्यामुळे आडव्या दिशेतली चूक चहूबाजूंनी आवरली जाते, उभ्या दिशेतली नाही. ती साधारण दीडपट ते तिप्पट मोठी असते. दरीत किंवा दाट झाडीत आणखी वाढते.

हे झालं एका क्षणाच्या उंचीचं. एकूण चढाई म्हणजे अशा हजारो क्षणांमधल्या चढांची बेरीज. तीन तास सपाट रस्त्यावर धावलात आणि घड्याळ दर सेकंदाला नोंद घेत असेल तर १०,८०० नोंदी होतात. त्यातल्या निम्म्या आधीच्या नोंदीपेक्षा सरासरी फक्त २० सेंटिमीटर वर दिसल्या, तरी बेरीज हजार मीटरच्या पुढे जाते. म्हणून प्रत्येक घड्याळात एक उंबरठा ठरवलेला असतो: एवढ्या मीटरपेक्षा कमी चढ मोजायचा नाही. हा उंबरठा किती, ते वापरणाऱ्याला कुठेच दिसत नाही. आणि त्याच आकड्यावर लोक एकमेकांशी तुलना करतात, कमी चढाई झाली म्हणून खट्टू होतात. हे मला पटत नाही.

सातत्य
ताई, मुद्दे बरोबर, निष्कर्ष नाही. तुम्ही जीपीएसच्या उंचीबद्दल बोलताय. आज डोंगरात वापरली जाणारी बहुतेक चांगली घड्याळं हवेच्या दाबावरून उंची काढतात. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) घटतो, आणि हा सेन्सर, म्हणजे बॅरोमीटर, मीटरभर चढउतारही पकडतो. जिन्याचे मजले मोजतो तो हाच.

दोन घड्याळांची तुलना करूच नका. माझं घड्याळ माझ्याशीच ताडून बघायचं. ते दर वेळी सारखंच चुकत असेल, तर गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात जास्त चढलो की कमी, हे मला बिनचूक कळतं. ‘८०० ते १,०००’ असं लिहिलंत तर तेही हातचं जाईल.

नकाशावाला
‘दर वेळी सारखंच चुकतं’ हेच तर खरं नाही.

दाबावरून उंची काढताना घड्याळ एक प्रमाण वातावरण गृहीत धरतं: समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस, १,०१३.२५ हेक्टोपास्कल, आणि दर किलोमीटरला ६.५ अंशांनी घटणारं तापमान. हवा त्याहून गरम असली की विरळ असते, आणि दाब तेवढाच घटायला जास्त उंची चढावी लागते. म्हणजे गरम हवेत घड्याळ चढाई कमी मोजतं आणि थंडीत जास्त. १० अंशांचा फरक म्हणजे ढोबळमानाने साडेतीन-चार टक्के. उन्हाळ्यात हवा प्रमाणापेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर तुमच्या खऱ्या १,००० मीटरचे ९५० होतात. तीच वाट, तेच घड्याळ, तोच माणूस, आणि हिवाळ्यात आकडा वेगळा! तापमान मोजून दुरुस्ती करावी म्हटलं तर मनगटावरच्या सेन्सरला त्वचेची ऊब लागते, हवेचं खरं तापमान त्याला कळत नाही.

शिवाय हवामान बदललं की दाब बदलतो. उष्ण कटिबंधात तर आभाळ निरभ्र असतानाही सकाळी दहाच्या सुमारास दाब जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. सकाळी दहाला निघून चारला परत आलात की घड्याळाच्या मते तुम्ही निघालात तिथून वीसेक मीटर वर उभे आहात.

माझा सल्ला: वाट नकाशावर आखा, उंची समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, काढा.

सातत्य
हजारात पन्नास. माझ्या सरावाचा आराखडा पन्नास मीटरवर अवलंबून नाही. ताईंच्या दोन घड्याळांत दोनशेचा फरक होता, तो तापमानाचा नव्हे, कारण हवा दोघींना सारखीच होती. एक घड्याळ बॅरोमीटरवालं आणि दुसरं नुसतं जीपीएसवालं असणार, किंवा एकाचं सेन्सरचं भोक बुजलेलं. घाम, सनस्क्रीन, साबण यांचा थर तिथे बसतो. धावून आल्यावर कोमट पाण्याखाली धुवायचं, टाचणी घालायची नाही.

आणि दुपारच्या दाबाची चूक घड्याळ स्वतःच दाखवतं. जिथून निघालो तिथेच परत आलो, तर चढ आणि उतार सारखे हवेत. चढ ६४०, उतार ५९० दिसला, तर ५० मीटर हवामानाचे. एवढी उघड पडताळणी पावलांच्या किंवा कॅलरीच्या आकड्याला आहे का?

नवी_धावपटू
मध्येच विचारते, माफ करा. माझं घड्याळ समुद्रकिनाऱ्यावर उणे ४० दाखवतं. बिघडलंय का?

नकाशावाला
बहुधा नाही. बॅरोमीटर असेल तर त्या दिवशी दाब प्रमाणापेक्षा पाचेक हेक्टोपास्कलने जास्त असणार. उंची शून्य करून घ्या. नुसतं जीपीएस असेल तर गोष्ट वेगळी: उपग्रह मोजतात ती उंची एका गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या कुठे वर, कुठे खाली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला सुमारे १०६ मीटर खाली, न्यू गिनीजवळ सुमारे ८५ मीटर वर. घड्याळात या फरकाचा तक्ता असतो, पण तो ढोबळ असू शकतो. याने एकूण चढाईचं मात्र काही बिघडत नाही, कारण पूर्ण वाटेवर तो फरक जवळपास सारखाच राहतो.

सायकलवाली
नकाशावाले दादा, नकाशावर एवढा भरवसा नको. अ‍ॅपवर ‘उंची दुरुस्त करा’ म्हटलं की तो आकडा भूपृष्ठाच्या जाळ्यावरून येतो, म्हणजे जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाची एकेक उंची नोंदवलेल्या तक्त्यावरून. अशा जाळ्यांपैकी जगभर सर्वाधिक वापरलं गेलेलं जाळं फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने मोजलं. चौकोन ३० मीटरचा, बराच काळ बहुतेक जगासाठी ९० मीटरचाच मिळत होता. दाट जंगलात रडारला जमीन नाही, झाडांचा वरचा थर दिसतो. डोंगराच्या कडेला कोरलेल्या रस्त्यावर जीपीएस थोडं सरकलं की तुम्ही शेजारच्या चौकोनात, म्हणजे कड्यावर नाहीतर दरीत. पुलावरून सपाट गेलात तरी अ‍ॅप तुम्हाला नदीत उतरवून पुन्हा वर चढवतं. बोगद्यात शिरलात तर डोंगरावरून नेतं. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला बॅरोमीटरच बरा.

अर्थात त्याचंही वाऱ्यापुढे चालत नाही. ताशी ५० किलोमीटरने उतरताना भोकावर समोरून हवा आदळली तर दाब एखाद्या हेक्टोपास्कलने वाढू शकतो, म्हणजे आठ-नऊ मीटरची खोटी घसरण. ब्रेक दाबला की तेवढाच खोटा चढ.

डोंगरवेडी ताईंशी मी एका ठिकाणी पूर्ण सहमत आहे. एव्हरेस्टिंग करणारे एकाच चढावर वर-खाली करत ८,८४८ मीटर पूर्ण करतात. पाच टक्के चूक म्हणजे तिथे जवळपास ४४० मीटर! एवढं मोठं काम घड्याळाच्या बेरजेवर सोडू नये. त्या चढाची खात्रीची उंची घ्यावी आणि फेऱ्यांनी गुणावी.

धुक्यातला_वाटसरू
तुम्ही सगळे बेरजेवर भांडताय. माझ्या दृष्टीने बेरीज दुय्यम आहे. धुक्यात धारेवरून चालताना ‘आत्ता मी किती उंचीवर आहे’ हा एकच आकडा मला नकाशावरच्या एका रेषेवर आणून ठेवतो. खाली उतरणारी वाट १,२०० मीटरला फुटते आणि घड्याळ ४० मीटर चुकलेलं असेल तर माणूस चुकीच्या घळीत उतरतो. म्हणून खिंड, माथा, नकाशात उंची लिहिलेली प्रत्येक जागा आली की उंची जुळवून घ्यायची. दर वेळी, कंटाळा न करता.

आणि ज्याला तुम्ही चूक म्हणताय ती मला कळायला हवी असते. रात्री तंबूत झोपलो, आणि सकाळी घड्याळ म्हणतंय मी ५० मीटर वर आलो. मी तर जागचा हललेलो नाही. म्हणजे दाब पाच-सहा हेक्टोपास्कलने पडलाय, हवा बिघडणार, आवरून खाली निघायला हवं. हल्ली घड्याळं आपोआप जीपीएसवरून उंची जुळवून घेतात आणि ही खूण पुसून टाकतात. मुक्कामाला मी ती सोय बंद ठेवतो.

डोंगरवेडी
वाटसरू दादांनी सांगितलेला वापर मला पूर्ण पटतो, कारण त्यांना उपकरण आतून माहीत आहे. माझा आक्षेप ते माहीत नसलेल्यांच्या वतीने आहे. सातत्य, तुम्ही चढ आणि उतार ताडून बघता. किती जण बघतात? नवीन माणूस १,०२० वाचतो आणि तेवढंच खरं धरतो. पुढच्या वेळी तेवढ्या चढाईला किती वेळ लागेल, पाणी किती घ्यायचं, अंधारापूर्वी पोचू का, हे सगळं त्यावरून ठरवतो. दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा धरायचा, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा नियम १८९२ पासून चालत आलाय. दोनशे मीटर कमी मोजले गेले तर वीस मिनिटं गेली, आणि संध्याकाळी वीस मिनिटं फार असतात.

निदान तीन गोष्टी आकड्यासोबत दिसाव्यात: उंची दाबावरून काढली की उपग्रहांवरून, उंबरठा किती मीटरचा होता, आणि मधे आपोआप जुळवणी झाली का.

सातत्य
उंबरठ्याची मागणी मान्य, त्यावर मी तुमच्यासोबत सही करीन. दोन मीटरच्या लाटांसारखी वाट असेल आणि उंबरठा तीनचा असेल, तर अख्खी वाट सपाट होते. हे धावणाऱ्याला कळलंच पाहिजे. पण आकडा गोल करायला माझा विरोध कायम आहे. मोजलेलं सगळं द्या, वर चूक किती असू शकते ते लिहा. गोल करून दिलेल्या आकड्यातून मला चढ-उतारातला ५० मीटरचा फरक सापडणारच नाही, आणि मग हवामानाने घोळ घातलाय हेही कळणार नाही.

सायकलवाली
आणि अ‍ॅपने ‘दुरुस्ती’ केली तर मूळ आकडा पुसू नये, दोन्ही शेजारी ठेवावेत. पूल कुठे होता ते मला माहीत आहे, त्या जाळ्याला नाही.